उरलेल्या फेऱ्या

चालण्याच्या शर्यतीत एक पाय
कायम जमिनीला लागलेला हवा.
दोन्ही उचलले की ते धावणं,
आणि धावणं हा तिथला गुन्हा.
गुडघा सरळ, कंबर घुसळलेली,
कुंपणापलीकडून पोरांच्या शिट्ट्या :
बदक आलं, बदक!
चौदाव्या वर्षापासून मी बदक आहे.

पप्पा गोदीतली पाळी सांभाळून
माझगावच्या देवळात घंटा बघायचे,
बाकं पुसायचे, गीतांचे आकडे फळीवर लावायचे.
आणि जिल्हा स्पर्धांना पंच म्हणून जायचे,
दोन केळी आणि एका पांढऱ्या टोपीवर.

त्या फेब्रुवारीत परळच्या रेल्वे मैदानावर पंच कमी पडले.
"तुमचीच मुलगी उतरतेय, ओहोळ," मिस्किटा सर म्हणाले.
"मग तिची चाल मलाच जास्त ठाऊक."

पंचवीस फेऱ्या.
विसावीपर्यंत मी दुसरी.
चुन्याची रेघ उन्हात दुहेरी दिसू लागलेली,
टाळूला ग्लुकोजची पूड,
पुढं पालघरची हेमांगी,
तिची वेणी डावी, उजवी, डावी.
तेविसाव्या फेरीत मला ती वेणी हवी झाली.
इतकी, की पुढचं पायांना कळलं, मला नाही.

लाल पाटी.
तीन पंचांच्या तीन चिठ्ठ्या.
तिसरीवर नागमोडी खूण : जमीन सुटली.
खाली सही, माझ्या प्रगतिपुस्तकावर असायची तीच,
ओहोळमधल्या ळ ला लांब शेपूट.

मी चिंचेखाली बसून राहिले.
बक्षिसं झाली. खुर्च्या एकात एक गेल्या.
मांडववाल्यानं कापड ओढून घेतलं.
पप्पा आले, पण शेजारी बसले नाहीत.
"किती उरल्या?"
"अडीच."
"मग?"

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही.
देवाचं नावही त्यात होतं.
त्यांनी ऐकून घेतलं,
शास्त्रपाठाआधी बाकांवरचा खोकला थांबेपर्यंत
थांबतात तसं,
आणि चपला काढून रेघेवर जाऊन उभे राहिले.

फाटक लावायला रामसुमेर आला.
"दस मिनट," पप्पा म्हणाले.
तो किल्ल्या हातात घेऊन थांबला.

पाटी दिसली तिथं माझ्या बाटलीचं निळं बूच पडलेलं.
तिथूनच सुरुवात केली.
घड्याळ नाही, छातीवर नंबर नाही,
उजेडही जवळजवळ नाही,
पलीकडं नुसती टोपी तेवढी पांढरी.
पहिल्यांदा पोचले तेव्हा म्हणाले, "दोन."
मग, "एक."
अंधारात पाय उचलला असता तर कुणाला दिसलं असतं?
उचलावासा वाटलाही, वळणावर.
पण पप्पा गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते,
कान जमिनीकडं.
टाच, चवडा. टाच, चवडा.
ते बघत नव्हतेच, ऐकत होते.

शेवटी शाबासकी नाही.
"सुटली नाही," एवढंच.
रामसुमेरनं टाळी वाजवली, एकच, किल्ल्यांसकट.

रविवारी शास्त्रपाठ त्यांच्याकडं होता.
गरुडासारखे पंख आले,
धावून न दमणारे आले,
आणि चालणाऱ्यांच्या ओळीपाशी ते अडले.
मंडळींना वाटलं, पानं चिकटली.
घरी भात वाढून घेताना म्हणाले,
"उडणं आधी, धावणं मग, चालणं शेवटी.
लहानपणी वाटायचं, क्रम चुकलाय."

आता ते पलंगापासून मोरीपर्यंत जातात,
चौकटीला धरून, फरशीवर पावलं घासत.
एक पाय कायम जमिनीला, बहुतेकदा दोन्ही.
नियम इतका कुणी पाळला नसेल.
मी मागं उभी राहून ऐकते,
टाच, चवडा.
मोजत मात्र नाही.